बरणीतलं मीठ

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी माझे वडील लालबागच्या घरात चहा पिताना कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये वारले. घरात सगळे मानतात, वहिनीच्या सुकटीमुळे. तसं नाही — आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबांना बरीच वर्षं बीपी होतं. रोजची गोळी, शिवाय किडनीची तक्रार. दादा-वहिनी त्यांना सांभाळायचे. मी माहीमला राहतो. रविवारी जेवायला जायचो आणि मिठावरून भाषण द्यायचो. वहिनी हसायची. "भावजी, पेपरात छापलं म्हणून आम्ही अळणी गिळायचं काय?" बाबा तिच्याच बाजूचे. "तू तुझो पेपर वाच रे. माका सुकट वाढ गो."

मी एका पेपरच्या आरोग्य पुरवणीवर काम करतो. बीपीच्या आहारावरचा एक लेख माझ्याच हातून गेला होता — नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियमचं मीठ वापरा, शहाळी प्या. ते मीठ मी विकत आणलं. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात बरणीतलं मीठ बदललं. मग दर रविवारी तेच. ऐकत नाहीत, तर दुसरं काय करणार होतो? — तेव्हा असंच वाटलं.

ते मीठ कमी खारट लागतं. "आमटीक चव नाय गो," बाबा म्हणाले. वहिनी चमचाभर जास्त घालू लागली. मला दिसत होतं. मी शहाळी नेत राहिलो.

त्या सोमवारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, रक्तात पोटॅशियम फार वाढलंय, त्यानं हृदयाचे ठोके बिघडलेत. त्यांनी विचारलं, "खाण्यात काही बदल? कसली पावडर, वेगळं मीठ?"

"नाही," मी म्हणालो. लगेच. विचारही न करता — की करून?

वहिनी रडत म्हणाली, "काल सुकट दिली होती हो मी. त्यांनीच मागितली." घरात पोटॅशियम कुणाला कळणार? बीपी म्हणजे मीठ, मीठ म्हणजे सुकट. दादा सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला, "किती वेळा सांगितलं होतं तुला!" मी शेजारीच उभा होतो.

मला माहीत नव्हतं का?

त्या लेखाला शेवटी एक परिच्छेद होता. किडनीचा त्रास असेल, किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नका. ऐन वेळी पानावर जाहिरात आली, जागा कमी पडली. अशा वेळी मजकूर खालून कापतात. मी कापला. वाचून कापला.

तेराव्याच्या आधी बरणी रिकामी करून मी तिच्यात साधं मीठ भरलं. वहिनीनं त्यानंतर घरात सुकट आणलेली नाही. यंदा मलाही बीपीची गोळी सुरू झाली. रविवारी वहिनी माझ्यासाठी आमटी वेगळी काढून ठेवते — अळणी.