हवेतला अ

सराव पाठाच्या तयारीसाठी लेकीने काल मला स्वयंपाकघरातच विद्यार्थी केलं. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि बोटाने हवेत भलामोठा 'अ' काढू लागली.

"अगं, माझ्याकडे बघून शिकव की!"

"समोरून काढला तर तुला उलटा दिसेल, आई."

बारावीला एवढे गुण असून ही डी.एड.ला गेली. आधी पदवी घे, मग बी.एड. कर, मोठ्या वर्गांना शिकवशील, असं सगळ्यांनी समजावलं होतं. "मला पहिलीच हवी," एवढंच म्हणाली. पहिलं अक्षर जो गिरवून घेतो, त्याने लावलेलं वळण जन्मभर हातात राहतं. तिच्यामागे माझंही बोट हवेत फिरलं.

संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी विचारलं, "म्हणजे पहिलीच्याच बाई होणार?"

"हो," मी म्हटलं, "पहिलीच्याच!"