पैनगंगेवरची हाक आणि काळबांडे साहेब

ग्रुप कॅप्टन दिगंबरराव काळबांडे यांची आणि माझी पहिली भेट एका सागवनात झाली. हेलिकॉप्टर तुकडीत मी मेकॅनिक म्हणून नवाच रुजू झालो होतो. साहेबांनी आम्हां नव्यांना झाडीच्या कडेला उभं केलं आणि विचारलं, "यात आपलं हेलिकॉप्टर कुठे आहे?" पानगळ होऊन गेली होती. करडी खोडं, तांबूस पाचोळा, बाकी काही नाही. मी थोडा पुढे सरकलो आणि समोरून चेहऱ्यावर ऊब आली, नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाची. हात लांब केला असता तर पत्र्याला लागला असता, तरी मला ते दिसत नव्हतं. अंगावर काटा आला.

मी गुडीहत्नूरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा हे कळताच साहेब फौजी हिंदी सोडून म्हणाले, "मंग असा भेऊन काऊन राह्यला? तू त आपल्याच इकडचा निघाला." त्यांचं गाव भीमपूर मंडळात, म्हणजे तिकडच्या तालुक्यात, पैनगंगेच्या काठावर. तेव्हापासून ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्यासोबत उडालो.

साहेब वैमानिक खरे, पण रंगाच्या बाबतीत त्यांच्याइतका किरकिरा माणूस मी पाहिला नाही. सुनेच्या भाजीत सासूने खोट काढावी तशी ते रंगाऱ्याच्या कामात काढत. श्रावणातला डोंगर वेगळा, शिमग्यातला वेगळा, मग एकच हिरवा कसा चालेल, असं त्यांचं म्हणणं. दुसरा हट्ट होता कामाजोगतं यंत्र निवडण्याचा. "कोळपायच्या डवऱ्याचा बैल गाडीला जुंपू नये," असं ते वरिष्ठांनाही ऐकवत. काहींना ते आवडत नसे. साहेबांनी त्याची फिकीर केली नाही.

या दोन्ही हट्टांची परीक्षा त्यांच्याच गावात झाली. पैनगंगेला पूर आला आणि गावाचा खालचा भाग पाण्यात गेला. देवळाशेजारच्या एका मातीच्या घराच्या कौलांवर काही माणसं अडकली होती. त्यांत साहेबांच्या थोरल्या बहीण गंगाबाई होत्या. तळावर मोठं हेलिकॉप्टर तयार होतं, सगळ्यांना एका खेपेत उचलणारं. साहेबांनी लहान मागितलं. मोठ्याच्या वाऱ्याने कौलं उडाली असती आणि भिजलेल्या भिंती बसल्या असत्या. लहान हेलिकॉप्टर देवळाच्या दगडी ओट्यावर टेकवता येणार होतं. मात्र माणसांनी छपरावरून ओट्यावर आपणहून उतरायला हवं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा डोंगरावर ढग बसले होते. वारा छपराला लागू नये म्हणून साहेब सागाच्या डोंगराला पाठ देऊन लांबच थांबले. मी ध्वनिवर्धकावरून हाक मारली. छपरावरची माणसं जागची हलली नाहीत. कुणी वर पाहिलं नाही, कुणी हात केला नाही. डोक्यावर पदर आणि पोती घेऊन सगळी पाठमोरी बसून होती. आमचा रंग मागच्या झाडीत मिसळला होता आणि आवाज डोंगरावर आपटून भलतीकडून येत होता, हे माझ्या ध्यानात आलं. पण जिवावर बेतलेलं असताना ही माणसं आवाजाकडे साधी मानही का वळवत नाहीत, हे समजेना.

मग साहेबांनी स्वतः हाक मारली. "बाई, मी दिगू व्हय. ओट्यावर उतर."

गंगाबाईंनी शेजारच्या लेकरांचे कान दोन्ही हातांनी दाबून धरले.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडे नदीकाठी एक रीत आहे. पूर आला असताना न दिसणाऱ्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. पाण्यातलं जे असतं ते घरच्याच माणसाच्या आवाजात बोलावतं. नदीकाठी वाढलेल्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, बहिणीला पाहून ते विसरले. माणसं उतरणार नव्हती, आणि घराची एक भिंत आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात विरघळत होती.

साहेबांनी ध्वनिवर्धक बंद केला आणि मला म्हणाले, "बूट काढ. दारात बस अन् पाय बाहेर सोड." मग त्यांनी हेलिकॉप्टर झाडीपुढून काढलं आणि नदीच्या पात्रावर, मोकळ्या आभाळाखाली आणून आडवं धरलं. ज्यांनी जन्मभर दिसू नये म्हणून कष्ट घेतले, ते आता दिवा लावून गावासमोर उभे होते. मी अनवाणी पाय बाहेर लोंबकळत सोडले. गंगाबाईंनी हळूहळू मान वळवली. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. बोटं पुढे आहेत की मागे, तेवढंच त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी पहिलं लेकरू ओट्यावर उतरवलं.

बाई शेवटच्या खेपेत बसल्या. भीमपूरला उतरल्यावर त्या साहेबांना म्हणाल्या, "तुही हाक सकाळीबी आल्ती. नदीकून. शेजारचे म्हातारे सुदामबुवा ओ देऊन खाली उतरले. मंग दिसले नाहीत."

सकाळी आम्ही तळावर होतो. इंधन संपत येईपर्यंत साहेबांनी रिकामं हेलिकॉप्टर पाण्यावरून फिरवलं. सुदामबुवा सापडले नाहीत.

त्यानंतर साहेबांनी कुणालाही पाठीमागून हाक मारली नाही. माझी आई गेली तेव्हा ते निरोप न धाडता स्वतः वर्कशॉपमध्ये आले, माझ्यासमोर उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला आणि मग सांगितलं. त्या दिवशी मला घरी पोचवण्यासाठी त्यांनी जे केलं त्याचे आभार मानायचे राहून गेले होते, ते या गौरवग्रंथात मानतो.

निवृत्तीनंतर साहेब आणि गंगाबाई गावातच राहतात. साहेबांच्या षष्ट्यब्दीचं निमंत्रण घेऊन मी परवा गेलो होतो. दुपार होती, नदी भरून वाहत होती. आम्ही ओसरीवर चहा घेत असताना नदीकडून हाक आली, "दिगू." आवाज म्हाताऱ्या माणसाचा. मीही ऐकला. साहेब कप खाली ठेवून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कुणीतरी वाट पाहत आहे असा भाव होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. गंगाबाई शेंगा निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी भावाचं मनगट धरलं.

"बस," त्या म्हणाल्या. "च्या थंडा होऊन राह्यला."

साहेब बसले. बाईंनी मनगट मात्र बराच वेळ सोडलं नाही.

आपल्या सर्वांच्या वतीने माझं एवढंच मागणं आहे. साहेबांना शंभरी गाठण्याइतकं निकोप आयुष्य मिळो, आणि बाईंना त्यांच्याहून एक पावसाळा अधिक.