माझा हात पोळत नाही

परवा सकाळी चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या आमच्या घरात माझं बोट भाजलं, आणि ते मला वासावरून कळलं.

शेगडीवरून भाताचं पातेलं मी नेहमीसारखं नुसत्या हातांनी उतरवत होते. आमच्याकडे सांडशी नाहीच. सासूबाईंनी कधी वापरली नाही, मग मीही नाही... त्यात गेली दोन वर्षं माझ्या डाव्या करंगळीला नि शेजारच्या बोटाला काही लागतच नव्हतं. आल्यागेल्याला सासूबाई सांगायच्या, आमच्या सुनेचे हात लोखंडाचे.

वरच्या मजल्यावरची सरोजा विरजण मागायला आली होती. नर्स आहे ती. म्हणाली, "मामी, काहीतरी करपतंय." मी म्हटलं, भात असेल. तिने माझा हात धरून उलटा केला. करंगळी पांढरी पडून फुगली होती...

दुसऱ्या दिवशी तिने मला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासा. डोळे मिटा म्हणाला, कापूस लागला की सांगा. मला घरी जायची घाई. मी आपली "लागला, लागला" म्हणत सुटले.

"अम्मा, कापूस अजून टेबलावरच आहे," तो म्हणाला.

मग दोन काचेच्या नळ्या आणल्या. एकीत गरम पाणी, एकीत गार. उजव्या हाताला झटक्यात कळलं. डाव्या करंगळीला दोन्ही सारख्याच... म्हणजे काहीच नाही. त्याने सांगितलं, कातडीत नसांची बारीक टोकं असतात. स्पर्श कळणारी वेगळी, गरम कळणारी वेगळी, गार कळणारी वेगळी. तुमची या दोन बोटांतली गेली आहेत. मग रोगाचं नाव सांगितलं. महारोग.

गोळ्या आहेत, बरा होतो, म्हणाला. बोटांना पुन्हा कळायला लागेलच असं नाही, ती आता डोळ्यांनी सांभाळा.

बसमध्ये मी सगळं धरूनच चालले. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, स्वयंपाकघर बंद. घरी येऊन सासूबाईंना उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला.

"दोन वर्षं लागत नव्हतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही कौतुक करत होता."

त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

लपवायचं असतं तर हे लिहिलं नसतं. ज्या बायकांना आपला हात पोळत नाही याचा तोरा आहे, त्यांनी डोळे मिटून दुसऱ्याकडून कापूस लावून घ्यावा. आणि घाईघाईने खोटं बोलू नये.

आज सकाळी शेगडीजवळ खिळ्याला नवी सांडशी टांगलेली होती. भांड्यांच्या दुकानात सासूबाई एकट्या कधी जाऊन आल्या, कोण जाणे... शेगडी माझ्यासाठी पेटवून ठेवली होती. मी सांडशी उजव्या हाताने काढली. गार लागली.