मिठागरातला मदतनीस

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. पनवेलच्या आमच्या प्रयोगशाळेतला मदतनीस उरणच्या मिठागरवाल्यांच्या घरचा होता. आपणहून मरायला निघालेल्या पेशीच्या आवरणावरचा विद्युतदाब आम्ही मोजायचो. मीटरची सुई घसरली की तो टाळ्या पिटत नाचायचा.

"सर, दिसायला बरी हाय, पन हिचं मीठ गळतंय! आता आकसंल बगा!"

"हे मिठागर नाय रे!" मी त्याच्याच बोलीत टोमणा मारला. सगळे हसले, सर्वांत मोठ्याने तोच.

पेशी खरंच आकसली. आधी मीठ गळतं, मग पेशी आकसते, हे त्याचं निरीक्षण शोधनिबंधात मी फक्त माझ्या नावावर छापलं. तो पेढे घेऊन धावत आला. "सर, आपली पेशी छापून आली!" म्हणत त्याने माझ्या तोंडात पेढा कोंबला, आणि "माझं चुकलं" हे शब्द आतच राहिले.