ब्लूजच्या तबकडीतला खोकला

शेजारच्या भिडेकाकांकडे ब्लूज या जुन्या अमेरिकन गाण्यांच्या तबकड्यांनी भरलेलं कपाट आहे. काकू गेल्यावर महिन्याभराने मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी एक तबकडी लावली. कापसाच्या शेतात राबलेला कुणी कृष्णवर्णीय गायक गिटारवर गात होता. मध्येच तो खोकला आणि तसाच पुढे गात राहिला.

“हा क्षयाने गेला. कुठे पुरलं, तेही कुणाला ठाऊक नाही,” काका म्हणाले.

माणूस मातीत जातो आणि त्याचा खोकला मागे उरतो, याचं मला नवल वाटत होतं.

काका कपाटाकडे बघत म्हणाले, “परक्यांचे एवढे आवाज जमवले. हिचा एकदाही टेप करून ठेवावासा वाटला नाही.”

गाणं संपलं. सुई नुसतीच खरखरत राहिली. ती उचलायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.