वेशीवरचा आप्पांचा फ्लेक्स

ज्यांनी आप्पांच्या क्लासला कुलूप घातलं, त्यांनीच आज गावच्या वेशीवर त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलाय.

मधे आप्पा. खाली हात जोडलेल्यांची रांग, मोबाईल नंबरसकट.

त्या रांगेत तिसरा फोटो माझ्या नवऱ्याचा.

हो, हे फेसबुकवरच लिहितेय. घरात बोलून झालंय.

काल आप्पा गेले. हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ दिला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आप्पा बेळगावात कॉलेजला कॉम्प्युटर शिकवायचे. रिटायर झाल्यावर येळ्ळूरच्या पुढं आमच्या गावात, मंडळाच्या खोलीत त्यांनी पोरांसाठी क्लास काढला. जुनेपाने कॉम्प्युटर, फी काही नाही.

सगळ्या स्क्रीन दाराकडं तोंड करून. दार कायम उघडं.

"पोरं काय बघाल्यात ते रस्त्यावरच्या म्हशीलाबी दिसलं पायजे," असं म्हणायचे.

पहिल्या दिवशी माऊसला हात लावू द्यायचे नाहीत. आधी धडा.

"नेटवर कुणी भेटला आणि भ्या वाटलं, तर बंद करायचं न्हाय. पुसायचं न्हाय. स्क्रीन आपल्या माणसाकडं वळवायची. मी रागावणार न्हाय."

आणि दुसरं, "कुणाचा फोटो टाकायचा असंल तर आधी त्याला विचारायचं. आईचा असला तरी. मांजराला तेवढी सूट."

पोरं हसायची. पण लक्षात ठेवायची.

माझी मुलगीही जायची. तिचं नाव इथं लिहीत नाही. हे पण आप्पांनीच शिकवलेलं.

मागच्या वर्षी घरच्या मोबाईलवर गेम खेळताना तिला कुणीतरी मेसेज केला. मी तुझ्या पप्पांचा दोस्त. त्याला तिचं घरातलं लाडाचं नाव माहीत. शाळा माहीत. वाढदिवस माहीत.

मग म्हणाला, त्या गुलाबी फ्रॉकमधला अजून एक फोटो पाठव. पप्पांना सांगू नको, सरप्राईज आहे.

पोरगी घाबरली. पण तिनं पुसलं नाही. मोबाईल घेऊन तडक क्लासला गेली आणि स्क्रीन आप्पांकडं वळवली.

आप्पा रागावले नाहीत. तिला पाणी दिलं आणि हाताला धरून घरी आणलं.

"एवढं सगळं त्याला कळलं कुठनं?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्या नवऱ्याचं फेसबुक उघडलं. पोरीच्या वाढदिवसाला वेशीवर लावलेला फ्लेक्स, त्याचा फोटो, सगळ्या जगाला दिसेल असा. गुलाबी फ्रॉक, पूर्ण नाव, कंसात लाडाचं नाव, शाळा, जन्मतारीख, खाली पप्पांचा नंबर.

त्या माणसाला काही शोधावंच लागलं नव्हतं. पोरीची सगळी कुंडली बापानंच वेशीवर टांगली होती.

माझा नवरा खाली मान घालून बसला. "चुकलं आप्पा. कुठंबी सांगतो, चूक माझी हाय."

"पोरीचं नाव बाहेर काढायचं न्हाय," आप्पा म्हणाले. "आणि तेवढा फोटो काढून टाक."

आप्पा आमच्याबरोबर पोलिसात आले. तक्रार दिली. ते अकाउंट बंद झालं.

पण गावात कुजबुज लागली. आप्पाच्या क्लासात एक पोरगी नेटवर कुणाशीतरी बोलायली म्हणं. कॉम्प्युटरनं पोरं बिघडायल्यात म्हणं.

मंडळानं बैठक बोलावली. बायकांना बोलावणं नव्हतं. दारातच मी नवऱ्याला म्हटलं, "आज सांगून टाका. पोरीचं नाव नको, तुमची चूक तेवढी सांगा."

"व्हय गं, सांगतो की."

परत आला तो माझ्याकडं न बघता पाय धुवायला गेला.

काय झालं ते शेजारच्या मामांकडून कळलं. पोरगी कोण, कशी फसली, असं सगळ्यांनी आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "नाव सांगणार न्हाय." आणि एकदा माझ्या नवऱ्याकडं बघितलं.

नवरा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"का नाही बोललात?"

"सगळ्यांच्या म्होरं कसं सांगू? फ्लेक्स तर सगळेच लावत्यात."

ज्या माणसानं आपल्या पोरीला वाचवलं, त्याचा केसानं गळा कापला. आणि वर हे उत्तर.

मी आप्पांकडं गेले. म्हटलं, मी सांगते साऱ्या गावाला.

"गप बस गं. तू बोललीस की पोरीचं नाव येणार," आप्पा म्हणाले. "खोली गेली तर जाऊ दे. तिनं स्क्रीन वळवली न्हवं? माझा क्लास पास झाला."

नंतर ते फारसे बाहेर पडलेच नाहीत. माझा नवरा रस्त्यात दिसला तरी नमस्कार मात्र आधी आप्पाच करायचे. त्याचा मला जास्त राग यायचा.

आज शाळेतून येताना पोरगी त्या फ्लेक्सपुढं थांबली. पप्पा तिथंच दोरी ओढून बांधत होते. मी भाजी घेऊन येत होते, मी ऐकलं.

"पप्पा, आप्पांचा फोटो लावायच्या आधी त्यांना विचारलं हुतं काय?"

तो बांधलेली दोरी सोडून परत बांधत राहिला.

ही पोस्ट टाकायच्या आधी मी पोरीला वाचून दाखवली. टाकू का, म्हणून विचारलं. यातून लोक तुला ओळखतील, हेही सांगितलं.

तिनं दोनदा वाचली. म्हणाली, "टाक. मी काय चुकले न्हाय."

आप्पांचा फोटो मात्र टाकलेला नाही. त्यांना विचारायचं राहून गेलं.

आप्पा, तुमचा क्लास खरंच पास झाला. आमच्या घरात एकजण नापास झाला, तेवढं तुम्ही पोटात घातलंत. मला जमत नाही.

या आता, आप्पा. नमस्कार.