हिंगाच्या डबीतल्या गोळ्या

नोकरीतल्या कितीतरी फायली डोक्यातून गेल्या, पण त्या सुनेचा चेहरा काही जात नाही.

पुरुषोत्तमनगरजवळच्या एका गावातून ठाण्यात फोन आला. सासरहून माहेरी आलेली लेक रडत बोलत होती. "साहेब, मन्हा बापले भावजई जहर दी ऱ्हायनी. मी मन्हा डोयाघाई देखं!" म्हाताऱ्याचे हात थरथरत होते, जीभ जड झाली होती, उलट्या थांबत नव्हत्या. दवाखान्यातूनही संशयित विषबाधेची खबर आलीच होती.

मी महिला पोलिसाला घेऊन घर गाठलं. लेकीने दाखवलेली हिंगाची डबी पंचांसमोर उघडली, तर आत सुट्या पांढऱ्या गोळ्या. पाकीट नाही, नाव नाही. सुनेला विचारलं, "या कसल्या?" ती गप्प. नवरा कोपऱ्यात मान खाली घालून उभा. बायकोवर खुनाचा आळ येतोय आणि याच्या तोंडातून शब्द नाही! मला त्याचा भयंकर राग आला.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत म्हातारा टिकला नसता. मी सुनेला बाजूला घेतलं. दटावून उपयोग नव्हता, ती तुरुंगात जायलाही तयार दिसत होती. म्हटलं, "ताई, डॉक्टर विष समजून इलाज करताहेत. गोळी कसली ते कळलं नाही तर बाबा हातचे जातील."

तिने पदर तोंडाला लावला. "ती डोकानी गोळी शे साहेब. सुरतना डॉक्टरनी देल शे. कोनले सांगू नका, मन्ही पोरनं लगीन जमी ऱ्हायनं."

सासू गेल्यापासून म्हाताऱ्याचं मन बिघडलं होतं. मुलाने ते सख्ख्या बहिणीपासूनही लपवलं. नंदुरबारच्या हृदयाच्या डॉक्टरांनी पायावरची सूज उतरायला लघवी वाढवणारी गोळी दिली, तेव्हा विचारलं होतं, "आणखी काही औषध चालू आहे?" मुलगा म्हणाला, "नाही."

मी डबी घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सुरतेला फोन लावला, रक्त तपासलं. गोळी लिथियमची निघाली. लघवीच्या गोळीने शरीरातलं मीठ-पाणी उतरलं की लिथियम रक्तात साचतं, म्हाताऱ्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही, असं त्यांनी समजावलं. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर होती. दोन्ही थांबवली, सलाईन लावलं आणि काही दिवसांत म्हातारा माणसांत आला. नणंद भावजयीच्या गळ्यात पडून रडली.

त्यानंतर अशा प्रकरणात मी जबाबाआधी घरातली सगळी औषधं मागवू लागलो, लपवलेली सगळ्यात आधी. आणि लाजेने गप्प बसलेल्या माणसाला गुन्हेगार समजायची घाई सोडली.

डोक्याच्या गोळीची बातमी मात्र गावभर झालीच. पुढे बंदोबस्तासाठी त्या गावात गेलो, तेव्हा कळलं की मुलीचं स्थळ मोडलं. मला फार वाईट वाटलं. सुनेला तसं म्हणालो. तिने ओट्याकडे बोट दाखवलं. म्हातारा तिथे बसून नातीशी काहीतरी बोलत हसत होता.

"मोडनं ते मोडनं साहेब," ती म्हणाली. "बाबा ओट्टावर बठेल शेतस ना."